बर्फावरची गाडी : आधी टायर, मग वाहन

दिवाळीचे वहीपूजन आटोपते न आटोपते तोच परदेशातून मुलाचा फोन येतो, हा अनुभव आता सांगली-कोल्हापूरपासून पुणे-मुंबईपर्यंतच्या अनेक व्यापारी घरांना आहे. मुलगा वा मुलगी टोरांटोच्या उपनगरात, नाही तर माँट्रियल, शिकागो किंवा मिनियापोलिस येथे नोकरीस लागलेली असते. उन्हाळ्यात घेतलेली जुनी, साधी गाडी आतापर्यंत बिनतक्रार कामास आलेली असते. नोव्हेंबर उजाडतो आणि फोनवर विषय निघतो : "बाबा, इथे हिवाळ्यात एसयूव्हीशिवाय भागत नाही असं सगळे म्हणतात. ही विकून मोठी घ्यावी म्हणतो. थोडी रक्कम तुमच्याकडून लागेल."

बाबांचा बर्फाशी परिचय बहुधा मनालीच्या सहलीपुरता असतो. व्यापारी माणसाच्या सवयीने ते विचारतात, "हप्ता किती बसेल?" प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्याही आधी विचारावयाचा प्रश्न राहून जातो. आज जी गाडी दारात उभी आहे, तिला टायर कोणते आहेत?

हा प्रश्न सुचत नाही याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमाला आपण बर्फ म्हणतो आणि रसवंतीतल्या लादीलाही बर्फच म्हणतो. थंड देशांतल्या चालकाला मात्र हे दोन पूर्णतः निराळे पदार्थ आहेत. ताजे हिम चाकाखाली दबते, त्यात टायरचे दात रुततात, काही पकड मिळते. तेच हिम शेकडो गाड्यांखाली दबून घट्ट झाले की पकड कमी होते. दुपारी ते वितळून रात्री पुन्हा गोठले की त्याचा कठीण, गुळगुळीत थर बनतो. या थराचा सर्वांत कपटी प्रकार म्हणजे काळे बर्फ. ते काळे मुळीच नसते. पारदर्शक असल्यामुळे खालचा डांबरी रस्ता त्यातून जसाच्या तसा दिसतो आणि रस्ता केवळ ओला आहे असा भास होतो. पुलावर ते आधी जमते, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. आणखी एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते : उणे २० अंशांतल्या कोरड्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचे बर्फ अधिक निसरडे असते, कारण त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. जूनच्या पहिल्या सरीनंतर घाटरस्ता का घसरतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट समजावयास कठीण नाही.

आता थोडे आकडे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि समोर एक मूल रस्त्यावर आले. ब्रेक लागल्या क्षणापासून कोरड्या डांबरी रस्त्यावर ती सुमारे १४ मीटरांत थांबते. दबलेल्या हिमावर तेच अंतर सुमारे ४० मीटर होते, आणि गुळगुळीत बर्फावर १०० मीटरांच्या घरात जाते. हे घर्षणाच्या सर्वसाधारण गुणांकांवरून काढलेले ढोबळ हिशेब आहेत. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर त्यात धरलेले नाही. टायर कोणता, यावर हे आकडे बरेच खाली-वर होतात. गाडी किती मोठी, यावर मात्र ते जवळजवळ होत नाहीत. गाडी जड असली की तिची पकड वाढते हे खरे, पण तिला थांबविण्यासाठी लागणारे बळही त्याच प्रमाणात वाढते. दोन्ही बाजू जुळून शिल्लक शून्य राहते.

मोठ्या एसयूव्हीच्या आग्रहामागे खरे आकर्षण असते ते तिच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते याचे. या सोयीचा उपयोग आहेच. गाडी हिमात उभी असेल आणि पुढची दोन चाके जागीच फिरू लागली, तर मागची दोन चाके तिला ढकलून बाहेर काढतात. चढावर, सिग्नलवरून निघताना, घराच्या उताराच्या वाटेवर ती सोय जाणवते. पण ही सारी मदत निघण्याची आहे. थांबण्याच्या वेळी इंजिन कोणती चाके फिरविते याचा संबंध उरत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. वळणावरही तसेच, गाडीला रस्त्यावर धरून ठेवते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी जमिनीला टेकलेली रबराची पकड. उलट, चारही चाकांवर चालणारी गाडी निसरड्या रस्त्यावरही सहज वेग घेत असल्यामुळे चालकाला रस्ता किती वाईट आहे याची सूचनाच मिळत नाही. साध्या गाडीचे चाक सिग्नलवरच जागी फिरते आणि मालकाला सावध करते. मोठ्या गाडीला ही सूचना मिळते ती थेट ब्रेक लावल्यावर.

या समजुतीला जाहिरातींनीही हातभार लावला आहे. आउडी कंपनीने १९८० मध्ये 'क्वात्रो' ही चारही चाकांवर चालणारी गाडी आणली. पुढे १९८६ मध्ये फिनलंडमधील कायपोला येथे स्कीवरून उडी मारण्याच्या हिमाच्छादित उतारावर आपली क्वात्रो गाडी खालून वर चढवून तिने जी जाहिरात केली, ती आजही सांगितली जाते. दृश्य थक्क करणारे होते यात शंका नाही. परंतु त्या गाडीच्या टायरांना खिळे बसविलेले होते, ही गोष्ट दृश्यापेक्षा फार कमी लोकांच्या लक्षात राहिली.

तेव्हा टायरांकडे वळू. साध्या उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते. रस्त्यावर हिमाचा कणही नसला तरी कडक रबर रस्त्याच्या खरखरीत पृष्ठभागाला घट्ट बिलगत नाही. हिवाळी टायरचे रबर निराळ्या मिश्रणाचे असते. त्यात सिलिकाचे प्रमाण अधिक असते आणि कडाक्याच्या थंडीतही ते मऊ राहते. त्याच्या दातांवर सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, त्यांच्या कडा हिमाला धरतात आणि बर्फावरचा पाण्याचा पापुद्रा पुसून घेतात. फिनलंडच्या नोकिया गावच्या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी असा टायर प्रथम काढला आणि दोनच वर्षांनी छोट्या गाड्यांसाठी 'हक्कापेलिट्टा' आणला. ते नाव आजही चालू आहे. जपानच्या ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये 'ब्लिझॅक' काढला. त्याच्या रबरात सूक्ष्म पोकळ्या ठेवलेल्या असून त्या स्पंजासारखे पाणी शोषतात.

दुकानात गेल्यावर फसगत होते ती नावामुळे. उत्तर अमेरिकेत बहुतेक नव्या गाड्या 'ऑल-सीझन' टायर घालून विकल्या जातात. सर्व ऋतूंचे म्हटल्यावर हिवाळा आलाच असे भारतीय मनाला वाटणार. प्रत्यक्षात ते मुंबईच्या डिसेंबराएवढ्या हिवाळ्याचे टायर आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही. त्यांच्या बाजूवर 'एम+एस' अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ चिखल आणि हिम. पण हा शिक्का टायरच्या दातांच्या रचनेवरून मिळतो. त्यासाठी हिमावर कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. पाहावयाची खूण दुसरी आहे : तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाची आकृती. १९९९ पासून चालत आलेली ही खूण दबलेल्या हिमावर प्रत्यक्ष चाचणी घेऊन, ठरलेल्या नमुन्याच्या टायरपेक्षा निश्चित प्रमाणात अधिक ओढ दाखविणाऱ्या टायरलाच मिळते. सोन्यावरचा हॉलमार्क न पाहता दागिना घेणारा व्यापारी जसा विरळा, तसाच ही खूण न पाहता टायर घेणारा असावा. तथापि हॉलमार्कलाही मर्यादा असते. ही चाचणी हिमावर पुढे जाण्याची आहे. कठीण बर्फावर थांबण्याचे प्रमाणपत्र ती देत नाही. म्हणून ही खूण किमान पात्रता समजावी आणि त्यापुढची निवड बर्फावरच्या तुलनात्मक चाचण्या वाचून करावी.

अलीकडे 'ऑल-वेदर' नावाचा तिसरा प्रकार आला आहे. नाव 'ऑल-सीझन'ची जुळी बहीण वाटावी असे आहे, पण वस्तू वेगळी. या टायरवर डोंगर-हिमकणाची खूण असते आणि ते वर्षभर काढावे लागत नाहीत. ज्याच्याकडे दुसरा संच ठेवण्यास जागा नाही, ज्याचे शहर रस्ते वेळेवर साफ करते आणि ज्याला पहाटे बाहेर पडावे लागत नाही, त्याला ते पुरेसे ठरू शकतात. माँट्रियल किंवा विनिपेगच्या कडक हिवाळ्यात मात्र खऱ्या हिवाळी टायरची सर त्यांना येत नाही.

कायद्याची स्थिती प्रांतागणिक बदलते. उत्तर अमेरिकेत क्वेबेक प्रांताने २००८ मध्ये सर्वप्रथम हिवाळी टायर सक्तीचे केले. सध्या तेथे १ डिसेंबर ते १५ मार्च हा सक्तीचा काळ आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या अनेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून बंधन असते, पण तेथे ३.५ मिलिमीटर खोलीचे 'एम+एस' टायरही चालतात. ऑन्टॅरिओत सक्ती नाही, मात्र २०१६ पासून तेथील विमा कंपन्यांना हिवाळी टायर लावणाऱ्यास हप्त्यात सवलत द्यावी लागते. ती मागावी लागते, हे नवीन गेलेल्यांनी ध्यानात ठेवावे. मिनेसोटा किंवा इलिनॉयमध्ये खाजगी गाडीस अशी सक्ती नाही. सक्ती नाही म्हणून गरज नाही असा अर्थ काढणे हा मात्र स्वतःशीच केलेला खोटा हिशेब होईल.

आता खऱ्या हिशेबाकडे येऊ, कारण घरात वाद होतो तो येथेच. गृहीत धरू की चार हिवाळी टायर त्यांच्या लोखंडी रिमांसह १,४०० डॉलरना पडले आणि पाच हिवाळे टिकले. म्हणजे दर हिवाळ्यास २८० डॉलर. वर्षातून दोनदा टायर बदलण्याची मजुरी प्रत्येकी ६० प्रमाणे १२० डॉलर. एकूण ४००. पण जमेची बाजूही मांडली पाहिजे. हिवाळी टायर झिजत असतात तेव्हा उन्हाळी टायर फळीवर विश्रांती घेत असतात. ८०० डॉलरांचा उन्हाळी संच वर्षभर वापरून चार वर्षांत झिजत असेल तर त्याचा घसारा वर्षाला २०० डॉलर. पाच महिने तो वापरलाच नाही, तर सुमारे ८३ डॉलर वाचले. निव्वळ जादा खर्च उरला सुमारे ३१७ डॉलर, म्हणजे हिवाळ्याच्या दीडशे दिवसांत दिवसाला दोन डॉलरांहून थोडा अधिक. आकडे गावागणिक व गाडीगणिक बदलतील, मांडणी बदलणार नाही. दुसऱ्या पानावर मोठ्या गाडीची जादा किंमत, तिच्यावरचे व्याज, जादा इंधन आणि जादा विमा मांडावा. आणि मोठी गाडी घेतली तरी हिवाळी टायर लागणारच. तेही मोठ्या मापाचे, म्हणून महाग. गाडी बदलल्याने पहिले पान पुसले जात नाही, केवळ दुसरे त्यात मिळविले जाते.

या हिशेबात काटकसरीच्या नावाखाली एक धोका शिरतो, तो म्हणजे चारऐवजी दोनच टायर घेण्याचा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढे दोन हिवाळी आणि मागे दोन जुने टायर लावले, तर पुढचा भाग रस्ता धरतो आणि वळणावर मागचा भाग सुटतो. गाडी स्वतःभोवती फिरते. अशी गाडी चारही साधे टायर असलेल्या गाडीहूनही बेभरवशाची ठरू शकते. घ्यावयाचे तर चार. काटकसर करावयाचीच असेल तर मापात करावी. गाडीच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तर लहान रिम आणि अरुंद टायर घ्यावा. तो स्वस्त पडतो आणि रुंद टायर ज्या हिमावर तरंगतो, ते हिम तो कापून खाली जातो. रुंद, चकचकीत रिमांचा डौल उन्हाळ्यासाठी राखून ठेवावा.

जुने टायर विकत घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा ३५ वा आठवडा, ही त्याची जन्मतारीख. दुसरी गोष्ट दातांची खोली. कायद्याने साध्या टायरास १.६ मिलिमीटर बहुतेक ठिकाणी चालते, पण हिमासाठी ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर निकामी समजावा. ऑस्ट्रियाचा कायदा त्याला हिवाळी टायर मानतच नाही.

इतके सारे सांगून झाल्यावरही चारही चाकांची गाडी कोणीच घेऊ नये असे नाही. रॉकी पर्वतातल्या गावी राहणाऱ्यास, ज्याच्या घराची वाट चढाची आहे त्यास, किंवा रस्ते साफ करणारी गाडी येण्यापूर्वीच पहाटे चार वाजता रुग्णालयात पोचावे लागणाऱ्या डॉक्टर वा परिचारिकेस ती खरी गरज आहे. तेथे जमिनीपासूनची उंचीही महत्त्वाची ठरते. हिम पोटाला लागले की चाके टेकत नाहीत आणि मग कोणताही टायर उपयोगाचा नाही. अशा गाडीत चारही टायरांची झीज सारखी राखावी लागते, हा खर्च घेणाऱ्यास आधी कोणी सांगत नाही. एक टायर फाटला तर कधी कधी चारही बदलावे लागतात.

शहरात राहणाऱ्या बहुतेकांना मात्र पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी पुरते. इंजिनाचा भार चालत्या चाकांवरच असल्यामुळे तिची ओढ बरी असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या पिकअपला हे सुख नाही. म्हणून तिचे मालक मागे वाळूची पोती टाकतात. जुनी गाडी घेताना गाडी घसरू लागताच एकेका चाकाला ब्रेक लावून तिला वळणावर सावरणारी स्थिरता-प्रणाली आहे का, हे अवश्य पाहावे. कॅनडात सप्टेंबर २०११ नंतरच्या आणि अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासूनच्या नव्या गाड्यांत ती सक्तीची आहे. मागच्या काचेची तापतार आणि तापणारे आरसे या चैनीच्या वस्तू नव्हेत. आणि गाडी उचलून खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. रस्त्यांवर टाकलेले मीठ हिम वितळविते तसे लोखंडही खाते. वरून नवरीसारखी सजलेली गाडी खालून गंजाने पोखरलेली निघते.

बॅटरीबद्दल थोडक्यात. उणे १८ अंशांच्या आसपास तिची शक्ती जवळपास निम्मी होते, आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिनाला मात्र जास्त शक्ती लागते. विनिपेग-एडमंटनकडे गाड्यांच्या तोंडातून विजेची वायर लोंबताना दिसते, ती इंजिन रात्रभर ऊबदार ठेवणाऱ्या यंत्राची. विजेवरच्या गाडीचा पल्लाही थंडीत लक्षणीय घटतो, तेव्हा ती घेताना उन्हाळ्यातला आकडा प्रमाण मानू नये. टायरमधील हवाही थंडीने उतरते. तापमान साडेपाच अंशांनी घसरले की साधारण एक पीएसआय. म्हणून महिन्यातून एकदा ती तपासावी.

खिळ्यांच्या टायरांचा मोह कित्येकांना होतो. फिनलंड-नॉर्वेत ते सर्रास वापरले जातात आणि गुळगुळीत बर्फावर त्यांना तोड नाही. पण ते रस्ता खरवडतात. जपानमध्ये सेंदाई, सप्पोरोसारख्या शहरांत त्या धुळीने लोक इतके हैराण झाले की १९९० मध्ये कायदा करून ते बंद करावे लागले. ऑन्टॅरिओत फक्त उत्तर भागातील रहिवाशांना त्यांची मुभा आहे. टोरांटोच्या रहिवाशाला ते लावता येत नाहीत. साखळ्यांचे काम वेगळे. मनालीहून अटल बोगद्याकडे जाताना हिमवृष्टी झाली की टॅक्सीवाले चाकांना साखळ्या चढवितात, हे आपल्याकडच्या पर्यटकांनी पाहिलेले असते. त्या संथ गतीने, हिमाने झाकलेल्या चढासाठीच असतात. उघड्या डांबरावर त्या स्वतःही तुटतात आणि टायरही फाडतात.

आणि एक गोष्ट, जी फोनवर आई-वडिलांनी मुलाकडून वदवून घ्यावी. गाडी हिमात अडकली आणि मदत येईपर्यंत उबेसाठी इंजिन चालू ठेवावयाचे असेल, तर आधी खाली उतरून मागची धूर जाण्याची नळी हिमातून मोकळी करावी. ती बुजलेली असली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही; माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. म्हणून डिकीत फावडे, घोंगडी, वाळूची पिशवी, विजेरी आणि बॅटरी जोडण्याच्या तारा ठेवतात, त्यांतले पहिले नाव फावड्याचे आहे.

टायर बदलण्याची वेळ पहिले हिम पडल्यावर नसते. त्या दिवशी प्रत्येक गॅरेजमध्ये रांग असते आणि तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची मिळते. सकाळचे तापमान ७ अंशांच्या खाली राहू लागले की, म्हणजे टोरांटोत साधारण ऑक्टोबरअखेरीस वा नोव्हेंबरच्या आरंभी, टायर चढलेले असावेत. एप्रिलमध्ये ते उतरवावेत, कारण मऊ रबर उन्हाळ्याच्या तापल्या रस्त्यावर भराभर झिजते. उतरविताना प्रत्येकावर खडूने पुढचा-मागचा, डावा-उजवा असे लिहावे, धुऊन कोरडे करून काळ्या पिशवीत बांधावेत आणि उन्हापासून दूर ठेवावेत. जागा नसेल तर बरीच गॅरेजे मोसमाच्या भाड्याने ते ठेवून घेतात. पावती मात्र जपून ठेवावी.